खेळ थांबल्यानंतरची खेळाडू



कार्यक्रमपत्रिकेवर 'रग्बी' हा शब्द पाहून आपल्यापैकी पुष्कळांना वाटले असेल की यंदा व्याख्याते मिळेनासे झाले म्हणून चालकांनी कोणालातरी उभे केले आहे. हिंगोलीत रग्बीचे मैदान नाही. सेनगावला नाही, कळमनुरीला नाही, औंढ्याला नाही आणि वसमतलाही नाही. असे असता हा विषय कशाला, असे कोणी विचारले तर ते रास्तच आहे. मला बोलायचे आहे ते खरे पाहता त्या खेळाविषयी थोडे आणि तो खेळणाऱ्या बायकांविषयी अधिक. त्यातही त्या खेळत असतानाचे नव्हे, तर त्यांचा खेळ थांबल्यानंतरचे. खेळणाऱ्या मुलीचे कौतुक करायला आपण अलीकडे शिकलो आहोत. ती तिशीला आली, गुडघा दुखू लागला, संघातून नाव गेले, की पुढे तिचे काय होते आणि तिने मिळवलेल्या विद्येचे काय होते, हा प्रश्न मात्र आपण फारसा विचारीत नाही.

प्रथम खेळ कसा तो थोडक्यात सांगतो. आपण सर्वजण हुतुतू पाहत, खेळत वाढलो, त्यामुळे रग्बी समजायला आपल्याला इंग्रजापेक्षाही सोपे जावे. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा गडी. चेंडू नारळासारखा लांबट, म्हणून तो जमिनीवर पडला की कोणीकडे उसळेल याचा नेम नाही. तो हातात घेऊन प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा, की पाच गुण. वाटेत प्रतिपक्षाचे गडी धरतात, पाडतात. आपल्याकडे चढाई करणाऱ्याला पकडतात तसेच, फक्त इथे धरणारा आणि धरला जाणारा दोघेही पूर्ण वेगात असतात. आणि एक चमत्कारिक नियम असा की चेंडू हाताने पुढे टाकायचा नाही. धावायचे पुढे आणि चेंडू द्यायचा तो मागून येणाऱ्याला. ऐंशी मिनिटे हे चालते.

या खेळाशी आपल्या देशाचा संबंध जुना आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड या दोन देशांत दर वर्षी ज्या चषकासाठी रग्बीचा सामना होतो त्याचे नाव 'कलकत्ता कप'. १८७८ साली कलकत्त्यातला गोऱ्यांचा क्लब बंद पडला. शिल्लक राहिलेले चांदीचे रुपये त्यांनी बँकेतून काढले, वितळवले आणि त्याचा चषक घडवून विलायतेला पाठवला. त्याच्या मुठी नागांच्या आहेत आणि झाकणावर हत्ती आहे. आपले रुपये इतक्या शोभिवंत रीतीने परदेशी गेल्याचे हे एकच उदाहरण असावे! असो.

बायकांनी हा खेळ खेळावा हे मात्र त्या हत्तीच्या मालकांना शंभर वर्षे रुचले नाही. १९९१ साली स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा वेल्समध्ये झाली, ती लंडनजवळच्या रिचमंड क्लबातल्या चार बायकांनी आपल्या हिमतीवर भरवली. पैशाचे पाठबळ जवळजवळ नव्हते. सोव्हिएत संघाच्या मुलींना देशाबाहेर चलन नेण्याची मुभा नव्हती. त्या बिचाऱ्या व्होडकाच्या बाटल्या आणि माशांची अंडी घेऊन आल्या आणि ती विकून राहण्याजेवणाचा खर्च भागवू लागल्या. जकातीचे अधिकारी चौकशीला आले तेव्हा या व्यापाराचा बोभाटा झाला. स्पर्धा पार पडली आणि अमेरिकेने अंतिम सामन्यात इंग्लंडला १९-६ असे हरवले. त्या चौघींपैकी डेबोरा ग्रिफिन ही २०२५ साली इंग्लंडच्या रग्बी संघटनेची अध्यक्ष झाली. १८७१ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेची ती पहिली स्त्री अध्यक्ष.

आता जिच्यासाठी हा विषय घेतला तिच्याकडे येतो. सारा हंटर हे तिचे नाव. इंग्लंडच्या ईशान्येकडे नॉर्थ शील्ड्स हे बंदराचे गाव आहे. तिथे १९८५ साली तिचा जन्म झाला. नऊ वर्षांची असताना शाळेत तिने प्रथम चेंडू हातात घेतला. २००७ साली ती देशाकडून खेळली, २०१४ साली जगज्जेत्या संघात होती, आणि त्यानंतर संघाचे नेतृत्व तिच्याकडे आले. एकंदर १४१ आंतरराष्ट्रीय सामने ती खेळली. इंग्लंडच्या कोणाही पुरुषाने तोवर इतके सामने खेळलेले नव्हते. इतके असूनही २०१९ पर्यंत इंग्लंडच्या बायकांना पंधरा जणींच्या खेळासाठी पूर्ण वेळाचे कायमचे वेतन नव्हते. ही कर्णधार पुष्कळ वर्षे विद्यापीठांतून रग्बीचा प्रसार करण्याची नोकरी करी आणि उरल्या वेळात देशासाठी खेळे.

तिच्या वाट्याला दोन मोठे पराभव आले. २०१७ साली बेलफास्टला अंतिम सामन्यात न्यूझीलंडने ४१-३२ असे हरवले. मग २०२२ च्या नोव्हेंबरात ऑकलंडला पुन्हा न्यूझीलंडशीच गाठ पडली. इंग्लंडचा संघ ओळीने तीस सामने जिंकून तिथे पोचलेला होता. पहिल्या वीस मिनिटांच्या आतच इंग्लंडच्या एका खेळाडूचे डोके प्रतिपक्षाच्या डोक्यावर आदळले आणि तिला मैदानाबाहेर घालवण्यात आले. उरलेला सगळा वेळ चौदाजणींनी पंधराजणींशी झुंज दिली. शेवटच्या मिनिटाला ३४-३१ असा फरक होता आणि रेषेपासून चार पावलांवर चेंडू आत फेकण्याची संधी इंग्लंडला होती. तो चेंडू न्यूझीलंडच्या मुलीने हवेतच हिसकावला आणि सगळे संपले. दोन्ही वेळा कर्णधार म्हणून हंटरने हात मिळवून पराभव स्वीकारला. पुढे २०२३ च्या मार्चमध्ये, जिथे ती लहानाची मोठी झाली त्याच भागात, न्यूकॅसलला, स्कॉटलंडविरुद्ध ती अखेरचा सामना खेळली. तिचा पहिला सामनाही स्कॉटलंडशीच झाला होता.

इथे बहुतेक चरित्रे संपतात. फार झाले तर एखादा सत्कार, एखादी मुलाखत. हंटर मात्र त्याच वर्षी संघाच्या प्रशिक्षकवर्गात आली आणि बचावाचे शिक्षण तिच्याकडे सोपवण्यात आले.

हे काम काय असते ते जरा सांगितले पाहिजे, कारण खेळणे आणि शिकवणे या दोन अगदी निराळ्या विद्या आहेत. मी स्वतः मुलींना खेळ शिकवण्यात उमेदीची वर्षे घालवली आहेत. चांगला गडी चांगला शिक्षक होतोच हा समज किती भाबडा आहे ते मी पाहिलेले आहे. उत्तम खेळाडूचे ज्ञान त्याच्या खांद्यात, कमरेत, तळपायात असते. त्याला विचारा, 'बाबा, तू हे कसे केलेस?' तो म्हणेल, 'असे!' आणि पुन्हा करून दाखवील. शिकणाऱ्याला त्याचा काय उपयोग? रग्बीतली पकडच घ्या. समोरून धावत येणाऱ्या गड्याला धरायचे तर आपले डोके त्याच्या कोणत्या बाजूला ठेवायचे, पुढचा पाय त्याच्या किती जवळ टाकायचा, कंबर केव्हा खाली न्यायची, नजर कुठे ठेवायची, हात केव्हा आवळायचे, हे सगळे अर्ध्या क्षणात घडते. डोके चुकीच्या बाजूला गेले तर मान दुखावते, वर राहिले तर समोरच्याला इजा होते आणि आपण मैदानाबाहेर जातो. शिकवणाऱ्याला हा अर्धा क्षण उलगडून त्याचे सहा तुकडे करावे लागतात, प्रत्येक तुकडा निराळा घोटून घ्यावा लागतो, आणि मग ते पुन्हा जोडून द्यावे लागतात. शिवाय बचाव एकट्याचा नसतो. आपल्या कबड्डीत दोघे हात धरून साखळी करतात, त्यांतला एक अर्धे पाऊल पुढे गेला की साखळी फुकट जाते. रग्बीत ती साखळी हात न धरता पंधराजणींनी करायची असते, आणि ती पुढे नेण्याचा इशारा एकीने द्यायचा असतो.

ऑकलंडला तो सामना आतून अनुभवलेली बाई हे शिकवीत होती, याला माझ्या मते मोल आहे. २०२५ च्या सप्टेंबरात लंडनला ट्विकनहॅमच्या मैदानावर पुन्हा अंतिम सामना आला. समोर कॅनडाचा संघ होता. तोही मोठा जिद्दीचा. स्पर्धेचा खर्च पुरेना म्हणून त्यांनी लोकांकडे वर्गणी मागून दहा लाख डॉलर उभे केले आणि उपान्त्य सामन्यात न्यूझीलंडला हरवले. त्या दिवशी ८१,८८५ प्रेक्षक होते. स्त्रियांच्या रग्बीला तितके लोक पूर्वी कधी जमले नव्हते. इंग्लंडने ३३-१३ असा विजय मिळवला. कर्णधार असताना दोनदा जे हातून निसटले ते हंटरला बाजूच्या रेषेबाहेर, प्रशिक्षकाच्या पोषाखात मिळाले.

आता याच चित्राची दुसरी बाजू. त्या स्पर्धेत सोळा देशांचे संघ होते. मुख्य प्रशिक्षकाच्या जागेवर किती स्त्रिया असाव्यात? तीन. ऑस्ट्रेलियाची जो याप, जपानची लेस्ली मॅकेन्झी, आणि एका पुरुषाच्या जोडीने काम करणारी फ्रान्सची गाएल मिन्यो. तिघीही आपापल्या देशाकडून खेळलेल्या. याप इंग्लंडची, मॅकेन्झी कॅनडाची, मिन्यो फ्रान्सची. जगज्जेत्या इंग्लंडचा मुख्य प्रशिक्षकही पुरुषच, न्यूझीलंडचे जॉन मिचेल. जागतिक संघटनेने या स्पर्धेतल्या प्रशिक्षकवर्गात शेकडा ४० स्त्रिया असाव्यात असे उद्दिष्ट ठेवले होते, म्हणजे उणीव त्यांनाही जाणवत होती. मिचेल यांची योग्यता मी नाकारीत नाही. पुरुषांनी मुलींना शिकवू नये असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. तसे म्हटले तर आपल्या जिल्ह्यातल्या निम्म्याहून अधिक मुलींचा खेळ उद्याच बंद पडेल. पण खेळणाऱ्या हजारो आणि शिकवणाऱ्या मोजक्या, असे का, हे विचारलेच पाहिजे.

आणि हे विचारताना लंडनपर्यंत जाण्याची गरज नाही, नाशिकपर्यंत गेले तरी पुरे. शैलजा जैन यांचे नाव आपल्यापैकी कबड्डीच्या जाणकारांना ठाऊक असेल. या बाईंनी तरुणपणी कबड्डी खेळली आणि नंतर कित्येक वर्षे नाशिकला मुलींना ती शिकवण्यात घालवली. भारताच्या संघाला शिकवावे अशी त्यांची इच्छा होती, ती पुरी झाली नाही, असे त्यांनीच पुढे वृत्तपत्रांना सांगितले. मग इराणचे बोलावणे आले. पन्नाशी उलटलेली, शाकाहारी, मराठी बोलणारी बाई तेहरानला गेली. तिथे जेवणाची पंचाईत झाली, भाषेची झाली. बाईंनी फारसी शिकून घेतली. मुलींना प्रथम प्राणायाम आणि योगासने शिकवली, आणि मग डाव.

इराणच्या मुली पकडीत दणकट होत्याच. पूर्वी २०१४ च्या आशियाई स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत येऊन भारताकडून त्या हरल्या होत्या. स्त्रियांची कबड्डी २०१० साली त्या स्पर्धेत आली तेव्हापासून सुवर्णपदक दोन्ही वेळा भारताचेच. २०१८ साली जाकार्ताला ऑगस्टच्या २४ तारखेला पुन्हा हेच दोन संघ समोरासमोर आले. आदल्याच दिवशी आपल्या पुरुषांना इराणच्या पुरुषांनी उपान्त्य फेरीत हरवले होते. सामना अखेरपर्यंत रंगला आणि इराणने तो २७-२४ असा जिंकला. तीन गुणांचा फरक. आपल्या मातीतला खेळ, आपल्याच राज्यातल्या बाईची विद्या, आणि पदक दुसऱ्याच्या गळ्यात!

त्या दिवशी आपल्याकडे पुष्कळांना दुःख झाले, तसे ते मलाही झाले. काहींनी मात्र बाईंवरच राग काढला, हे मला अजिबात पटले नाही. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनला जाऊन कबड्डी जगाला दाखवली, तेव्हा आपण त्यांना डोक्यावर घेतले. कबड्डी जगात पसरावी असे म्हणायचे आणि ती पसरवणाऱ्या बाईला बोल लावायचा, हे कोणते न्यायशास्त्र? विचारायचेच तर हे विचारावे, की असल्या किती शैलजाबाई आपल्या तालुक्यातालुक्यांत स्वयंपाकघरात बसून आहेत, ज्यांना तेहरानहून बोलावणे येत नाही आणि हिंगोलीहूनही येत नाही.

आपल्या देशातल्या रग्बीबद्दलही दोन शब्द सांगतो. पंधराजणींच्या खेळात भारताच्या मुली २०१८ साली प्रथम उतरल्या आणि हरल्या. २०१९ च्या जूनमध्ये मनिला येथे त्यांनी सिंगापूरला २१-१९ असे हरवून पहिला विजय मिळवला. कर्णधार होती पुण्याची वाहबीझ भरूचा, व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट. बिहारची स्वीटी कुमारी त्या सामन्यात वाऱ्यासारखी धावली, आणि ओडिशाच्या सुमित्रा नायक या आदिवासी मुलीच्या पायाने शेवटचे तीन गुण मिळवून दिले. या संघाला शिकवायला दक्षिण आफ्रिकेचे विख्यात खेळाडू नास बोथा आले होते. सुरुवातीला असे बाहेरून शिक्षक आणावेच लागतात, त्यात कमीपणा नाही. पण या पहिल्या पिढीच्या मुलींचे खेळण्याचे दिवस आता सरत आले आहेत. पराभव कसा असतो आणि पहिला विजय कसा मिळतो, हे या देशात ज्यांच्या अंगाने जाणले आहे अशा बायका पंचवीस-तीसच असतील. त्या शिकवू लागल्या नाहीत तर पुढच्या मुलींनी पुन्हा पहिल्यापासून आरंभ करायचा.

आता घरचे बोलू. आपल्या जिल्ह्यातल्या शाळेत कबड्डी, खो-खो खेळणारी मुलगी कोणत्या वयात खेळ सोडते? माझ्या अनुभवाने, बारावीच्या निकालाबरोबर. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, तेवढ्यापुरते घरचे पाठवतात. ते गुण पदरात पडले की प्रमाणपत्र पत्र्याच्या पेटीत जाते आणि मुलगी सासरी. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी शेकडा ५ जागा राखीव आहेत, पण त्यासाठी ते प्रमाणपत्र क्रीडा खात्याकडून पडताळून घ्यावे लागते. हे घरी कोणाला माहीत नसते, आणि माहीत होते तेव्हा बहुधा वय उलटलेले असते.

दुसरीही गोष्ट आहे, ती थोडी नाजूक आहे. स्पर्धेला परगावी जायचे म्हटले की आई पहिला प्रश्न विचारते, 'बरोबर बाई कोण आहेत?' गुरुजी कितीही सज्जन असोत, हा प्रश्न आई विचारणारच आणि तो तिने विचारावाच. उत्तर 'कोणी नाही' असे आले की मुलीचे नाव यादीतून जाते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या शरीरात जे बदल होत असतात, महिन्याच्या ज्या दिवसांत सराव कसा करावा हे तिला कळत नाही, ते ती गुरुजींना सांगत नाही. ती नुसती गैरहजर राहते, आणि हजेरीपुस्तकात तिची गणना आळशी मुलींत होते. तिथे खेळलेली एखादी बाई असती तर दोन वाक्यांत काम झाले असते. सारा हंटरची गोष्ट मला आपल्याला सांगावीशी वाटली ती यासाठी. आपल्याला जगज्जेती प्रशिक्षक नको आहे. सायंकाळी पाच ते सात मैदानावर उभी राहील, पकडीत डोके कुठे ठेवायचे ते सांगेल आणि मुलींबरोबर एस.टी.ने परभणीला जाईल, अशी एक बाई पाहिजे.

अशी बाई तयार होण्याचे मार्ग आज आहेत. पतियाळा येथे राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे, १९६१ साली स्थापन झालेली. तिथे प्रशिक्षकाचा पूर्ण पदविका अभ्यासक्रम आहे आणि सहा आठवड्यांचा प्रमाणपत्राचाही आहे. पूर्ण अभ्यासक्रमासाठी संसार सोडून जाणे लग्न झालेल्या बाईला कठीण, हे मी जाणतो. सहा आठवड्यांचे मात्र घरच्यांनी मनावर घेतले तर जमण्यासारखे आहे. सासूबाईंनी दीड महिना नातवंडे सांभाळली की झाले! तीर्थयात्रेला आपण त्याहून अधिक दिवस जातो. रग्बीच्या जागतिक संघटनेचे प्राथमिक धडे तर घरबसल्या फोनवरही विनामूल्य घेता येतात. ज्या शाळेत कबड्डीची चांगली मुलगी आहे, तिथल्या शिक्षकांनी एकदा तो खेळ उघडून पाहावा. बिहारच्या मुली याच वाटेने धावण्याच्या शर्यतींतून रग्बीकडे गेल्या.

माझी एकच सूचना आहे. ती मी आज अध्यक्षांच्या हाती लेखी देऊन ठेवली आहे. १९९९ साली परभणीतून निघून आपला जिल्हा झाला, म्हणजे पाव शतकाहून अधिक काळ आपल्या शाळांचे संघ हिंगोलीच्या नावाने खेळत आहेत. त्या पहिल्या संघांतल्या मुली आज चाळिशीत असतील. प्रत्येक शाळेने आपली जुनी नोंदपुस्तके काढावीत, विभागीय किंवा राज्यपातळीवर खेळलेल्या मुलींची नावे उतरवावीत, आणि आज त्या कोणत्या गावी आहेत याचा तपास करावा. जी या परिसरात असेल तिच्या घरी मुख्याध्यापकांनी स्वतः जावे, शिपायाला पाठवू नये. आठवड्यातून दोन दिवस मैदानावर येण्याची विनंती करावी आणि त्याबद्दल तिला मानधन द्यावे. हे मानधनाचे मी मुद्दाम सांगतो. बाईमाणसाचे शिकवणे हौसेचे समजण्याची आपल्याला खोड आहे, आणि हौसेचे काम पहिल्या पावसाळ्यात बंद पडते. दसऱ्याच्या उत्सवाला आपल्याकडे जी वर्गणी जमते तिचा लहानसा अंश यासाठी निघाला तर एका वर्षाची सोय होईल. उत्सवाचे काही कार्यकर्ते समोर बसलेले दिसतात म्हणून बोललो, त्यांनी राग मानू नये.

ज्या भगिनी स्वतः पूर्वी खेळलेल्या आहेत त्यांनी व्याख्यान संपल्यावर आपले नाव, शाळा आणि खेळल्याचे वर्ष दाराशी ठेवलेल्या वहीत लिहून जावे. वही मी घरून आणली आहे, पेन चालकांनी दिले आहे.